बीकॉमनंतर एसक्यूएल: जॉइनवर वेळ घाला

बीकॉम झाल्यावर नुसतं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकून नोकरीची सुरुवात होईल का, या तुमच्या प्रश्नावर वर बऱ्याच जणांनी महागडे कोर्स सुचवलेत. मला ते पटत नाही. पोस्टग्रेस, एसक्यूलाइट हे दोन्ही डेटाबेस फुकट आहेत. सिलेक्ट (कोणते रकाने हवेत), व्हेअर (कोणत्या अटीच्या ओळी हव्यात) पटकन जमतं. खरा वेळ जॉइन (दोन टेबलं जोडणं) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट करून बेरीज वगैरे काढणं) यांना द्या. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारा जॉइन) करून उजव्या टेबलवरची अट (समजा, रक्कम पाचशेच्या वर) व्हेअरमध्ये टाकली, की न जुळलेल्या ओळी गळतात. त्या ओळींत उजव्या टेबलच्या जागी नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, असतो आणि नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही. त्या ओळी ठेवायच्या तर ती अट ऑनमध्ये (टेबलं कशावर जोडायची ते लिहितात तिथे) हवी. मुलाखतीत यावर प्रश्न येतात.

आणि ताळेबंद जुळवायची तुमची सवय कमी लेखू नका. बेरीज का चुकली हे शोधणं, हेच तर एमआयएसचं (कंपनीच्या आकड्यांचे अहवाल बनवण्याचं) काम! एक्सेल मात्र सोबत पक्कं ठेवा.