‘क्युरिंग’ म्हणजे वाळवणे की भिजवणे?

प्रश्न – अनुवादक_मिरज

गवंडीकाम शिकणाऱ्या मुलांसाठी असलेल्या एका छोट्या पुस्तिकेचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे. तिच्यात काँक्रीटच्या संदर्भात ‘क्युरिंग’ हा शब्द पानोपानी येतो. शब्दकोशात त्याचे अर्थ तंबाखू, मासे, मांस यांच्या अनुषंगाने सुकवणे, धुरी देणे, खारवणे असे सापडले, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी ‘स्लॅब टाकल्यानंतर तो सात दिवस वाळू द्यावा’ असे लिहिले. काल मात्र आमच्या गल्लीतल्या एका घराच्या नव्या स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवलेले पाहिले आणि आपले काहीतरी चुकले आहे हे लक्षात आले. तंबाखूच्या पानाला जो शब्द ‘सुकव’ म्हणतो, तोच काँक्रीटला ‘भिजव’ कसा म्हणतो? आणि मराठीत त्यासाठी काय लिहावे?

स्थापत्य_सोलापूर

खर्डा छापायला गेला नाही हे फार बरे झाले. सिमेंट वाळून घट्ट होते, ही समजूत बांधकामावर आजही सर्रास आढळते आणि तिच्यामुळे चांगल्या मालाचे काँक्रीटसुद्धा कच्चे राहते. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, त्याला हायड्रेशन म्हणतात, आणि काँक्रीटला ताकद येते ती त्यातून. ओल आहे तोवरच ही क्रिया चालू राहते. ओल उडाली की ती थांबते, मग आत सिमेंट कितीही शिल्लक असो. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात, साच्यातून काढून ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात आणि २८ व्या दिवशी बाहेर काढून यंत्राखाली दाबून फोडतात. वाळण्याने ताकद येत असती, तर टाकीतले हे ठोकळे कच्चेच राहिले असते.

कालावधीबद्दलही पुस्तिकेत काळजीपूर्वक लिहावे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित किंवा तत्सम मिश्र सिमेंट असल्यास किमान १० दिवस ओलावा हवा. कोरड्या, उष्ण हवेत हे दिवस आणखी वाढतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी वारा सुटला, की नुकत्याच घोटलेल्या स्लॅबवर तास-दोन तासांत केसासारख्या भेगा उमटताना मी पाहिल्या आहेत. अशा वेळी काँक्रीट ओले असल्याने त्यावर पाणी ओतता येत नाही. प्लॅस्टिकचा कागद अंथरून वाफ अडवावी लागते आणि पृष्ठभाग पुरेसा घट्ट झाल्यावरच आळी बांधून पाणी भरायचे असते.

शब्दांच्या_मागावर

शब्दाच्या मुळाकडे गेलो तर सुकवणे आणि भिजवणे यांतला विरोध मिटतो. हा शब्द लॅटिनमधल्या ‘कुरा’ या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ काळजी, निगा असा आहे. रोगी बरा करणे हा अर्थही त्याच मुळाचा. एखादी वस्तू अपेक्षित गुण येईपर्यंत ठरावीक परिस्थितीत सांभाळणे, हा त्यामागचा समान धागा. ती परिस्थिती कोणती, हे मात्र वस्तूगणिक बदलते. निपाणी भागातला तंबाखू उन्हात सुकवतात, पण तेथेही नुसते पाणी घालवणे हा हेतू नसतो; पानाचा रंग, वास आणि कडकपणा जमून यावा लागतो. रबराच्या क्युरिंगमध्ये गंधक आणि उष्णता लागते, तर दोन नळ्यांच्या इपॉक्सीमध्ये राळ आणि हार्डनर यांचा संयोग घडावा लागतो. म्हणून शब्दकोशातला पहिला अर्थ उचलण्याआधी वस्तू कोणती, हे पाहणे आवश्यक आहे.

साइटवरची_ताई

मी बांधकामावर देखरेखीचे काम करते. आमच्याकडे सगळे ‘पाणी मारणे’ असेच म्हणतात आणि गवंड्यांना तो शब्द नीट कळतो. तरीही पुस्तिकेत एवढ्यावर थांबू नका. पाणी मारणे म्हटले की सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला म्हणजे काम झाले असे वाटते, आणि मधल्या आठ तासांत कॉलम कोरडाठक्क पडतो. स्लॅबवर आळ्यांत पाणी साचून राहते, पण उभ्या कॉलमवर ते टिकत नाही. तेथे गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे लागते. कॉलमवर तळहात घासून पाहा, पांढरी भुकटी हाताला लागली तर ओलाव्यात कसूर झाली असण्याची शक्यता दाट असते.

शिवाय काही ठिकाणी पाण्याऐवजी क्युरिंग कंपाउंड फवारतात. त्याचा पातळ थर आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. त्या पद्धतीत भिजवणे नाहीच, तरीही ते क्युरिंगच आहे. त्यामुळे माझ्या मते ‘वाळवणे’ तर चूक आहेच, पण ‘भिजवणे’ही अपुरे आहे, ‘ओल टिकवणे’ हा नेमका अर्थ आहे.

अनुवादक_मिरज

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मुलांना साइटवर ‘क्युरिंग’ हाच शब्द ऐकू येणार असल्याने तो मी तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तेथे असे लिहितो : ‘क्युरिंग म्हणजे काँक्रीटला पुरेशी ताकद येईपर्यंत त्यातली ओल टिकवून ठेवणे. स्लॅबवर आळी करून पाणी भरावे, कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे आणि ठरलेले दिवस पूर्ण होईपर्यंत दोन्ही एकदाही कोरडे पडू देऊ नयेत.’ कालावधीचे वाक्य सिमेंटच्या प्रकारानुसार वेगवेगळे करीत आहे, आणि तळहात घासून पाहण्याची खूण, ताईंची हरकत नसल्यास, चित्रासह घालीन.