कॅटलॉगच्या रेंडरसाठी (थ्रीडी मॉडेलवरून काढलेल्या चित्रासाठी) असेंब्ली (भाग जोडलेलं पूर्ण मॉडेल) बाहेर देताना स्टेप (नेमकी भूमिती असलेली कॅड फाइल) द्यावी की मेश (त्रिकोणांनी बनलेलं मॉडेल)?

भोसरीकर:
पंपाची असेंब्ली रेंडरला द्यायची म्हटली की आमच्याकडे एसटीएल ही मेश फाइल काढून मोकळे होतात. हे थांबायला हवं. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण. एकक नाही, असेंब्ली ट्री (भागांची उतरंड) नाही. इम्पेलर (पात्यांचं फिरणारं चाक), केसिंग (बाहेरचं कवच), गॅस्केट सगळ्याचा एकच गोळा.

माझं स्पष्ट मत: स्टेप द्या, तीही एपी२१४ या प्रकारची. एपी२०३ मध्ये रंग बरेचदा गळतात. स्टेपमध्ये भागांची नावं टिकतात आणि त्रिकोण किती बारीक करायचे ते रेंडर करणारा ठरवतो. ३०० मिमी त्रिज्येच्या फ्लँजला (जोडणीच्या गोल कडेला) १५ अंशांचा अँग्युलर टॉलरन्स (एका तुकड्याचा जास्तीत जास्त कोन) दिला तर वर्तुळाचे २४ तुकडे पडतात आणि कड मधोमध अडीच मिमी आत जाते. ५ अंशांना ७२ तुकडे, फरक ०.३ मिमीपेक्षा कमी. क्लोज-अप लागणार की नाही हे डिझायनरला आधी कुठून कळणार?

टूलरूम:
अजिबात पटलं नाही. स्टेप म्हणजे नेमकी भूमिती. ती थेट कॅममध्ये (यंत्राला कापकाम सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घालून कोणीही इम्पेलरची पाती मिलिंगला लावेल. चित्रं काढणाऱ्याच्या हातात एवढं का द्यायचं? शिवाय बरेच जण ब्लेंडर या रेंडरच्या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि त्यात स्टेप मुळात उघडतच नाही. मग ते फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमधून ओबीजे ही मेश फाइल काढतात. ओबीजेला एकक नसतं, ब्लेंडर आकडे मीटरमध्ये धरतो, त्यामुळे ४० मिमीचा बोल्ट ४० मीटरचा होऊन बसतो. त्यापेक्षा आपणच नीट मेश करून द्यावी.

भोसरीकर:
@टूलरूम, गोपनीयतेचा मुद्दा रास्त आहे, पण त्याला उपाय आहे. क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरमध्ये श्रिंकरॅप (फक्त बाहेरचं कवच ठेवणारी सोय) आहे, इन्व्हेंटरमध्ये तेच काम आता सिम्प्लिफाय करतं, सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली फक्त बाहेरच्या भागांसकट पार्ट म्हणून सेव्ह करता येते. त्याची स्टेप द्या. पाती आतच राहतात, बाहेर जातच नाहीत.

सांगलीकर:
मी दुसऱ्या टोकाला बसतो, रेंडर करतो. मला जीएलबी हवी, म्हणजे जीएलटीएफ या मेश फॉरमॅटची एकसंध फाइल. जीएलटीएफमध्ये एकक मीटरच, ठरलेलं, आणि एकाच बोल्टची मेश शंभर ठिकाणी वापरता येते. ओबीजेमध्ये प्रत्येक बोल्ट नव्याने लिहिला जातो. त्यात कोणी आटे खरे हेलिक्स (सर्पिल) काढून मॉडेल केलेले असले की मशीन बसतं. केसिंगपेक्षा बोल्टांचेच त्रिकोण जास्त! कृपा करून आटे सप्रेस करून (मॉडेलमध्ये बंद करून) द्या, चित्रात ते नटाखाली झाकलेलेच असतात.

आणि मटेरियलची नावं रिव्हिजनला बदलू नका, हे तर हात जोडून सांगतो. नवी फाइल आली आणि "कास्ट_आयर्न"चं "मटेरियल_०७" झालं, की सगळे शेड (भागांचा रंग-चमक) पहिल्यापासून लावावे लागतात. स्टेप की मेश यापेक्षा यातच जास्त वेळ जातो.

टूलरूम:
बरं, कट-सेक्शनचं (मधून कापून दाखवलेलं) चित्र मागितलं तर? तिथे आतलंच दाखवायचं असतं. श्रिंकरॅप काय कामाचा?

भोसरीकर:
कट-सेक्शनपुरती तुमची मेश मान्य. पण काप कॅडमध्ये, सॉलिडवरच घ्या. मेश नंतर कापली तर केसिंगची भिंत आतून पोकळ दिसते, दोन पातळ पत्रे उभे असल्यासारखी. कास्टिंगची भरीव जाडी दाखवायला मग रेंडरवाल्याला एकेक तोंड हाताने बुजवावं लागतं.