वडणग्यात घरामागे लायनरचा पोहण्याचा हौद: आधी काय, नंतर काय?

वडणगेकरीण:
घराचा स्लॅब टाकून झालाय, प्लास्टर चालू आहे. मागच्या परड्यात २० बाय १० फुटांचा, चार फूट पाण्याचा हौद करायचाय. आप्पांचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, पण रोज कोल्हापुरात नेणं झेपत नाही. आरसीसी आणि टाइल्सचा खर्च बघून व्हिनाइल लायनरवर, म्हणजे हौदाला आतून लावायच्या प्लास्टिकच्या अस्तरावर आलोय. जमीन काळी, पूर्वी ऊस होता. गवंडी म्हणतोय खड्डा आत्ताच काढा, लायनरपण लगेच टाकून घ्या. ऐकावं का?

पाचगावचा:
पैसे जमवून आरसीसीच करा. लायनर काही वर्षांनी बदलावाच लागतो.

कळंब्याचा बांधकामवाला:
ताई, खड्डा आत्ता, हे त्याचं बरोबर आहे. कंपाउंड उभं राहिलं की जेसीबी आत जात नाही. पण लायनर सगळ्यात शेवटी. तो अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. फरशी कटिंग आणि ग्रिलचं वेल्डिंग बाकी असताना टाकला, तर एक ठिणगी पुरे.

वडणगे म्हटल्यावर मला खालच्या पाण्याची काळजी वाटते. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांला धोक्याची पातळी, २०१९ ला पंचगंगा ५५ च्या वर गेली होती. पूर रस्त्यावर आला नाही तरी नदीकाठच्या जमिनीत पाणी चढतंच. ते हौदाच्या तळाशी आलं की लायनर उचलला जातो, आणि ओसरल्यावर ज्या सुरकुत्या पडतात त्या सहसा जात नाहीत. म्हणून श्रावणात विहिरीचं पाणी किती फुटांवर असतं ते आधी सांगा.

माझं मत, हौद अर्धा वर काढा. अडीच फूटच खोदा, वरच्या भिंतीला बाहेरून मुरमाचा रुंद ओटा द्या. आप्पा ओट्यावर बसून पाय आत सोडतील. तळाखाली खडी, खडीत भोकाचा पाइप, कोपऱ्यात त्याहून खोल सम्प, म्हणजे पाणी गोळा होणारा खड्डा, आणि त्यात पंप. पावसाळ्यात हौद कधीच रिकामा करू नका, आतल्या पाण्याच्या वजनानंच लायनर खाली बसून राहतो.

खोदलेली काळी माती परत भरायची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि लायनरमागच्या भिंतीचे पॅनेल, म्हणजे उभे केलेले तयार तक्ते, सरकवते. मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून धुमसायचा.

आणि लव्हाळा! उसाच्या रानात तो असतोच, त्याचा कोंब लायनर खालून भोसकून वर येतो. गाठी वेचून काढल्याशिवाय तळाचा कोबा करू देऊ नका.

वडणगेकरीण:
विहीर श्रावणात पाच फुटांवर येते. लव्हाळा भरपूर आहे, आजच बायका लावते वेचायला. आप्पांसाठी पायऱ्या कशा करू? आणि पाणी किती लागेल?

कळंब्याचा बांधकामवाला:
पाच फुटांवर असेल तर अडीच फूट खोदाईला जागा आहे. तरी सम्प ठेवाच.

पाणी साडेबावीस हजार लिटरच्या आसपास. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात भरा, तेव्हा लायनर मऊ पडतो. भरताना लायनर आणि भिंतीमधली हवा व्हॅक्युमनं ओढत राहायचं, तळाला पाणी चढेपर्यंत बंद करायचं नाही. भिंतीतल्या पाइपच्या तोंडाजवळ पाणी येईल, तेव्हाच तिथली पट्टी आवळून लायनर कापायचा, आधी नाही.

पायऱ्या काँक्रीटच्या, उंची सहा इंचांच्या आत, त्यावरून खरखरीत पोताचा लायनर. साध्या ओल्या लायनरवर पाय घसरतो. रेलिंगचे खांब कडेच्या काँक्रीटमध्ये रोवा, लायनर भोसकून नको. रेलिंगला अर्थिंग द्या आणि पंपाच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, यात काटकसर करू नका. लायनर मापावर कापून, तापवून जोडून येतो, म्हणून पायऱ्या आणि कोबा पूर्ण झाल्यावरच माप द्या. नकाशावरून दिलं तर कोपऱ्यात ताण येतो.