जास्वंदीच्या पाकळ्या खाणारे काळे-केशरी भुंगे: ब्लिस्टर बीटलच का?

प्रश्न:
जास्वंद सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्यांच्या चिंध्या होतात. पानं मात्र शाबूत. फुलात दोन-तीन भुंगे एकत्र बसलेले असतात. लांबट, साधारण 2 सें.मी., काळ्या पाठीवर केशरी आडवे पट्टे. फवारणी कशाची करू?

प्रतिसाद १:
वर्णन ब्लिस्टर बीटलशी, म्हणजे कातडीवर फोड आणणाऱ्या भुंग्याशी जुळतंय. खात्री मानेवरून करा. डोकं रुंद आणि त्यामागची मान एकदम बारीक असते, पाठीवरचं कवचही टणक नसून चामड्यासारखं मऊ. उघड्या हाताने धरू नका. दाबला गेला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतो, त्यात कॅन्थरिडिन हे फोड आणणारं विष असतं. त्या क्षणी काहीच जाणवत नाही, फोड काही तासांनी येतो, म्हणून लोक हात न धुताच राहतात. मेलेल्या भुंग्यातही हे विष टिकतं.

प्रतिसाद २:
कृपा करून उमललेल्या फुलांवर कीटकनाशक मारू नका. मधमाश्या मरतील, आणि भुंगे आजूबाजूच्या तणातून पुन्हा उडत येतील. वेचणंच उत्तम. बादलीत 4-5 लिटर पाणी, त्यात भांडी घासायचा द्रव साबण 2 मोठे चमचे. साबण नसेल तर भुंगे पाण्यावर तरंगतात आणि काठावर चढून निसटतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा बादली फुलाखाली धरून फांदीला टिचकी मारा. ऊन चढलं की उडतात. मेलेले पुरून टाका. कोंबड्यांना घालू नका, चाऱ्यात तर अजिबात जाऊ देऊ नका, घोड्यांना ते जीवघेणे ठरतात. रोज वेचावं लागेल, कारण नवे येतच राहतात. लहान झाडांवर बारीक जाळी टाकून खाली बांधली तरी चालते.

प्रश्नकर्ता:
निंबोळी अर्क? मातीत औषध ओतलं तर अळ्या मरतील ना?

प्रतिसाद १:
निंबोळीने फार तर खाणं थोडं मंदावेल, मोठा भुंगा मरत नाही. मातीत काही ओतू नका. या पट्टेरी भुंग्यांच्या अळ्या नाकतोड्यांची अंडी खातात, मुळांना त्रास देत नाहीत. भुंग्याचा द्रव अंगाला लागलाच तर लगेच साबणाने भरपूर धुवा, आलेला फोड फोडू नका. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.