युरोपा सापडत नाहीये, मदत हवी (तातडीने!)

केळीबाग: रोज रात्री मळ्यात दुर्बीण लावतो, पण युरोपा काही सापडत नाही. नकाशा बरोबर, जागा बरोबर. तिथे पाच-सहा ठिपके दिसतात, सगळे सारखेच. ओळखायचा कसा? लवकर सांगा, आता चंद्र मोठा होत चाललाय.

तापीकाठ: गुरूवर दुर्बीण लाव ना भो. शेजारी ओळीत चार ठिपके, त्यातला एक. बर्फाखाली समुद्र आहे म्हणतात, २०२४ला नासाचं यान निघालंय तिकडे.

केळीबाग: गुरूचा चंद्र नाही हो! ५२ युरोपा, लघुग्रह. रोहिणीजवळ शोधतोय म्हणजे गुरू कसा असेल?

तापीकाठ: रोहिणी तुम्ही आत्ता सांगताय. आणि गुरूही येतो की तिथे, बारा वर्षांनी.

सातपुड्याचा_अंधार: दुर्बीण केवढी?

केळीबाग: साधी. ७० मिमी.

सातपुड्याचा_अंधार: मग सोडा नाद. कोळशासारखा काळा गडी तो, पडलेल्या उजेडातला पाच-सहा टक्केच परत फेकतो. ३०० किमीहून मोठा, तरी प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो तेव्हाही, जेमतेम दहा-अकरा प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तेवढा ठिपका अंधुक). ८ इंची डॉब (डॉब्सोनियन, आरशाची दुर्बीण) घ्या. मी तीच वापरतो.

चाळीसगावकर: उगाच खर्चात पाडू नका त्यांना. १८५८ मध्ये हा शोधणारा गोल्डश्मिट पेशाने चित्रकार. पॅरिसमधल्या राहत्या घरातून, लहान दुर्बिणींवर १४ लघुग्रह शोधले त्याने.

सातपुड्याचा_अंधार: तेव्हा पॅरिसात हायमास्ट नव्हते.

चाळीसगावकर: केळीच्या मळ्यातही नसतात. दादा, दिसतात ते सगळे ठिपके कागदावर काढा, दुसऱ्या रात्री परत काढा. तारे हलणार नाहीत, सरकला तो आपला. प्रतियुतीच्या सुमारास दोन-तीन रात्रींत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. एकाच रात्री टक लावून काही कळायचं नाही.

जळगावची_सून: पृथ्वीवर तर नाही ना आदळणार?

चाळीसगावकर: नाही ताई. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यात, तोही बाहेरच्या कडेला फिरतो. सूर्याभोवती एका फेरीला साडेपाच वर्षं.

तापीकाठ: मळा यावलकडे असेल तर बामणोदची वांगी घेऊन येतो. भरीत, कळण्याची भाकरी, मग बघू लघुग्रह.

केळीबाग: भरीत नंतर. कागदावर काढतो, पण भिंगावर दव येतं, अर्ध्या तासात सगळं धूसर.

सातपुड्याचा_अंधार: पुढे पुठ्ठ्याची लांब नळी लावा. आणि बागेला रात्री पाणी देताय का? तेवढं बंद ठेवा.

केळीबाग: शेतीची लाइट रात्रीचीच येते. बंद कसं ठेवू?