चा-सिऊ चिकन ओटीजीत: वरून काळं, आत कच्चं. कुठे चुकतंय?

मांडवीची_सून

येत्या रविवारी रात्री घरी आठ जण जेवायला आहेत. कँटनी पद्धतीचं चा-सिऊ करायचं आहे, ते लालसर, चकचकीत, गोडसर भाजलेलं. मूळ पदार्थ डुकराच्या मांसाचा, मला चिकनचा हवा. मागच्या खेपेला तंगड्या हाडासकट घेतल्या, मध-सोया-आलं-लसूण चोपडून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या आणि २२० डिग्रीला २५ मिनिटं भाजल्या. वरून कोळसा, हाडापाशी लाल पाणी, ट्रेमध्ये दीड वाटी रस साचलेला आणि घरभर धूर. मांस वरच्या बाजूला चक्क पिठूळ लागत होतं.

ओटीजी २८ लिटरचा आहे, वरचा-खालचा रॉड वेगळा चालतो. पाककृतींत तांदळाची वाइन लिहिलेली असते, ती इथे बडोद्यात मिळण्याचा प्रश्नच नाही. हॉइसिन सॉसची बाटलीही घरात नाही. खाण्याचा रंग घालायचा नाही. आणि सासूबाई शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी त्याच चवीचं काही जमेल का?

भट्टी_आणि_निखारे

ताई, तुमचं सगळं बिघडलं ते मधामुळे आणि गर्दीमुळे. मधातली फळसाखर फार लवकर करपते, साध्या साखरेच्या कितीतरी आधी. ती पहिल्या मिनिटापासून २२० डिग्रीत ठेवली तर मांस शिजायच्या आत काळी पडणारच. चा-सिऊचा नियम असा की आधी मांस शिजवायचं, गोड चकाकी शेवटच्या दहा मिनिटांत चढवायची.

हाड काढून घ्या. चिकनवाल्याला ‘लेगचं बोनलेस, आख्खं उघडून’ असं सांगा, तुकडे करू देऊ नका. आठ जणांना दीड किलो बोनलेस लागेल, म्हणजे हाडासकट साधारण सव्वादोन ते अडीच किलो तंगड्या. सालीसकट देत असेल तर तसंच घ्या. बिनसालीचं असेल तर भाजताना तेलाचा हात लागेल. जाड भागावर सुरीने उथळ चिरा देऊन सगळीकडे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडी येईल असं पसरा. छातीचं मांस टाळा. त्याला ७४ डिग्रीच्या पुढे गेलेलं सोसत नाही, मांडीचं मात्र ८० पर्यंत गेलं तर उलट मऊ होतं, कारण त्यातला चिवट भाग तिथे वितळतो.

दीड किलोला मुरवण:

लाइट सोया सॉस (पातळ, खारट) ४ मोठे चमचे, डार्क सोया सॉस (दाट, गडद) १ मोठा चमचा, हॉइसिन ५ मोठे चमचे, बारीक चिरलेला गूळ किंवा साखर ३ मोठे चमचे, ठेचलेला लसूण ६ पाकळ्या, पाच मसाल्यांची पूड दीड छोटा चमचा, पांढरी मिरपूड अर्धा छोटा चमचा, भाजलेल्या तिळांचं तेल १ मोठा चमचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा ५ मिली.

वेगळं मीठ अजिबात नाही. दोन्ही सोया आणि हॉइसिन मिळून पुरेसं मीठ जातं. आणि तेलाकडे लक्ष द्या: आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं ते बहुतेक कच्च्या तिळांचं, फिकं पिवळं. चिनी स्वयंपाकातलं तेल तपकिरी असतं, वास खरपूस. ते नसेल तर दोन मोठे चमचे तीळ खमंग भाजून, कुटून, साध्या तेलात मिसळा. कच्च्या तिळाच्या तेलाने ती चव येणार नाही.

मुरवण लावून सहा ते बारा तास फ्रीजमध्ये. भाजायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, तुकडे निथळा आणि वर चिकटलेला लसूण बोटाने निपटून काढा. काळे कडू ठिपके येतात ते त्याच लसणाचे. उरलेलं मुरवण टाकू नका, पण ते कच्च्या चिकनला लागलेलं आहे, म्हणून पातेल्यात नीट उकळी फुटल्यावर पाच मिनिटं खळखळू द्या. मगच त्यातलं ३ मोठे चमचे घेऊन त्यात ३ मोठे चमचे काकवी मिसळा, फार दाट झालं तर चमचाभर गरम पाणी. चिनी लोक इथे माल्टोज वापरतात, मधापेक्षा कितीतरी दाट आणि कमी गोड. आपल्या घरातली त्याच्या सगळ्यात जवळची वस्तू काकवीच. मध चालतो, पण चकाकी पातळ बसते.

आता भाजणं. २८ लिटरमध्ये दीड किलो एका वेळी बसवू नका, हीच तुमची दीड वाटी पाण्याची गोष्ट. तुकडे एकमेकांना चिकटले की वाफ अडकते आणि मांस भाजलं जाण्याऐवजी उकडतं. दोन घाण्यांत करा. तुकड्यांत बोटभर अंतर हवं. मांस जाळीवर, जाळीखाली ट्रे, ट्रेमध्ये कपभर पाणी. टपकणारी साखर पाण्यात पडते, तापलेल्या पत्र्यावर नाही; धूर तिथेच थांबतो.

ओटीजी १५ मिनिटं आधी तापवा. दोन्ही रॉड, १८० डिग्री, मधली पट्टी. १५ मिनिटं, उलटा, आणखी ८ ते १० मिनिटं. पहिला घाणा काढून झाकून ठेवा, दुसरा टाका. दोन्ही झाले की जेवणाच्या वीस मिनिटं आधी २१० डिग्री करून चकाकी चढवा: ब्रशने लावा, ४ मिनिटं, पुन्हा लावा, ४ मिनिटं, शेवटी फक्त वरचा रॉड, २ मिनिटं. या दोन मिनिटांत दारासमोरून हलायचं नाही. कडांवर बारीक बुडबुडे येतात, मग ते गडद होऊन बसतात. टोकं तेवढी काळपट झाली की बाहेर. मुरवणाची चकाकी आठेक मिनिटांत बसते, जास्त ठेवली तर कडू होते.

मांस टोचायचा थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी किमान ७४. हाडापाशी लाल दिसणं म्हणजे नेहमी कच्चं असं नाही, ब्रॉयलर कोवळा असतो आणि हाडातला रंग बाहेर झिरपतो. पण डोळ्यांवर विसंबू नका, आकडा बघा.

तिरफळाची_डहाळी

वरचं सगळं पटलं, एक गोष्ट राहिली. मूळ पोस्टमधलं ‘पिठूळ’ हे आल्याचं काम आहे. कच्च्या आल्यात मांस फोडणारं द्रव्य असतं. अर्धा-पाऊण तास ठीक, रात्रभर आल्याची पेस्ट लावून ठेवली की वरचा थर भुसभुशीत होतो. या पदार्थात आलं घालायचंच असेल तर चार जाड चकत्या मुरवणात टाका आणि भाजताना काढा. पेस्ट नको. दही आणि लिंबूही नको, हा तंदुरीचा भाऊबंद नाही.

वाइनचा प्रश्न. ती तिथे मांसाचा उग्र वास मारते आणि थोडी आंबूस खोली देते. पहिलं काम आल्याच्या चकत्या आणि पातीच्या कांद्याच्या पांढऱ्या देठांनी होतं, देठ चेचून मुरवणात टाका. दुसऱ्यासाठी २ मोठे चमचे पाणी आणि अर्धा छोटा चमचा तांदळाचा किंवा साधा व्हिनेगर. त्याहून जास्त व्हिनेगर घातला तर बाजारातल्या चायनीज लारीचा वास येतो.

पाच मसाल्यांची पूड घरी करा, डब्यातली जुनी असली की नुसती बडीशेपच लागते. बाद्यान २ फुलं, बडीशेप १ मोठा चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा ५, आणि पाचवा मसाला सिचुआन मिरी. त्याऐवजी तिरफळ घ्या. दोन्ही एकाच कुळातली झाडं, जिभेवरची ती झिणझिण तिरफळातही आहे, वास मात्र जास्त लिंबाळ. एक छोटा चमचा फळं, पण आतल्या काळ्या बिया काढून फक्त साल. बी दाताखाली वाळूसारखं कचकचतं. मंद आचेवर दोन मिनिटं कोरडं भाजून, गार करून मग दळा. गरम दळलं तर मिक्सरला तेल सुटून गोळा होतो. बाजारातली आपली तीक्ष्ण दालचिनीच इथे बरोबर आहे, सिलोनची नाजूक दालचिनी यात हरवते.

मांडवीची_सून

दोघांचे आभार. आलं-लसूण पेस्ट चार चमचे होती, म्हणून तसं झालं! हॉइसिन नसेल तर सोया वाढवून चालेल? आणि रंगाचं कोणी सांगेल का. काश्मिरी मिरची चालेल ना?

सोयाबीनचा_डबा

सोया वाढवू नका, नुसता खारटपणा वाढेल. हॉइसिन म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची गोड-खारट दाट चटणी. नावाचा अर्थ ‘समुद्री अन्न’ असा निघतो, पण त्यात मासा नसतो, म्हणून सासूबाईंच्या ताटालाही अडचण नाही. बाटली आणली तरी मागचा मजकूर एकदा वाचा. ऑयस्टर सॉस मात्र वेगळा, त्यात कालवांचा अर्क असतो.

घरी करायचा तर: मऊ शिजलेला राजमा अर्धी वाटी, लाइट सोया २ मोठे चमचे, गूळ २ मोठे चमचे, व्हिनेगर १ छोटा चमचा, लसूण २ पाकळ्या, भाजलेल्या तिळांचं कूट १ मोठा चमचा, लाल तिखट चिमूटभर. मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटून कढईत मंद आचेवर ६-७ मिनिटं परता. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ राहिली पाहिजे. पाच मोठे चमचे काढून बाकीचा बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर. आंबवण्याची ती खोल चव यात पूर्ण येत नाही, पण दाटपणा आणि गोडवा बरोबर बसतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी खारट लगदा) घरात असेल तर राजम्यात एक चमचा मिसळा आणि सोया एकच चमचा ठेवा, फरक कळेल.

काश्मिरी मिरचीला माझा विरोध आहे. रंग नारिंगी येतो आणि वास थेट तंदुरीचा. चा-सिऊचा मूळ लाल रंग लाल आंबवलेल्या टोफूतून येतो, आणि त्या टोफूला तो रंग लाल बुरशी चढवलेल्या तांदळातून मिळतो.

भट्टी_आणि_निखारे

रंगाबद्दल थोडा वेगळा अनुभव. बिटाचा रस २ मोठे चमचे आटवून एक चमचा करा आणि तो मुरवणात नाही, शेवटच्या चकाकीत घाला. बिटाचा रंग उष्णतेने तपकिरी पडतो, म्हणून सुरुवातीला घातलेला वाया जातो. आठ-दहा मिनिटांत बराचसा टिकतो. हॉटेलसारखा भडक लाल येणार नाही, महोगनीकडे झुकणारा येईल, आणि घरच्या चा-सिऊला तोच शोभतो. तुम्ही रंग नको म्हणालात ते योग्यच. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये चिकन आणि माशांच्या कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदीच केली.

डार्क सोया एक चमच्यावर नेऊ नका, सगळं काळं दिसतं आणि भाजलं किती ते कळत नाही.

वाफेवरचा_भात

सासूबाईंच्या ताटाचं मी सांगते. घट्ट टोफू ३०० ग्रॅम, कापडात गुंडाळून वर खलबत्ता ठेवून २० मिनिटं दाबा, दीड सेंटिमीटर जाड कापा. मुरवण तयार झाल्याबरोबर, चिकनच्या आधी, त्यातलं चार मोठे चमचे वेगळ्या वाटीत काढून ठेवा. ही वाटी, हा ब्रश, ही जाळी चिकनकडे जाऊ द्यायची नाही. टोफू तासभर मुरला की पुरे. सगळ्यात आधी ओटीजीत तोच टाका: २०० डिग्री, १२ मिनिटं, उलटून ८, शेवटी काकवीचा एक हात आणि ३ मिनिटं. म्हणजे चिकनचा थेंबही त्यावर पडत नाही. पनीर नको, ते आत मुरवण घेत नाही आणि कडा रबरासारख्या होतात. जाड मशरूम चालतील, फक्त ते पाणी सोडतात, तव्यावर आधी सुकवून घ्या.

भात साधा कोलम, थोडा चिकट राहिला तरी हरकत नाही. जिरासार किंवा बासमती नको, त्यांचा स्वतःचा वास बडीशेप-बाद्यानवर चढतो. बरोबर काकडी, पातीचा कांदा आणि लसणावर परतलेला पालक. तिखट काही ठेवू नका, एका वाटीत व्हिनेगरमधली मिरची पुरते.

कढई_गॅसवर

ओटीजी ऐनवेळी दगा दिला तर जाड बुडाच्या कढईत होतं. एक चमचा तेल, तुकडे सालीच्या बाजूने मध्यम आचेवर ५ मिनिटं, उलटून ३, मग अर्धी वाटी उकळलेलं मुरवण, झाकण, मंद आचेवर १० मिनिटं. झाकण काढा, काकवी घाला, आच वाढवा आणि तुकडे फिरवत राहा. रस तारेवर येऊन तुकड्याला चिकटला की गॅस बंद; पुढच्या अर्ध्या मिनिटात करपतो. धुराची चव नाही येत, मऊपणा ओटीजीपेक्षा जास्त. एअर फ्रायर असेल तर १८० ला १२ मिनिटं, उलटून ६, चकाकी लावून २०० ला ३; फक्त तळाशी दोन चमचे पाणी टाका.

मांडवीची_सून

राजम्याचा हॉइसिन आजच करून बघितला, रेघ राहिली. शेवटचं एक: जेवण साडेआठला आहे, कापायचं कधी?

भट्टी_आणि_निखारे

मग टोफू सहा वाजता, चिकनचा पहिला घाणा साडेसहाला, दुसरा सातला. चकाकीसाठी ओटीजी आठला पुन्हा तापवायला ठेवा, सव्वाआठपर्यंत सगळं बाहेर. दुसऱ्या खेपेला जाळीवर तुकडे थोडे जवळ चालतील, आता शिजायचे नाहीत, रंगायचे आहेत. तरी एकावर एक नको. काढल्यावर आठ-दहा मिनिटं जाळीवरच राहू द्या, झाकू नका, झाकलं की वाफेने चकाकी ओघळते. मग धारदार सुरीने, मांसाच्या रेषांना आडव्या, सेंटिमीटरभर जाड चकत्या. पाटीवर सुटलेला रस आणि उरलेली उकळलेली चकाकी एकत्र करून ताटात वाढताना वरून ओता. उरलंच तर थंड झाल्यावर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी बारीक चिरून पातीच्या कांद्यासोबत फ्राइड राइसमध्ये घाला, पण अगदी शेवटी, नाहीतर साखर कढईच्या तळाला लागते.