ताम्हिणीकडच्या जंगलात मधेच प्लॉटिंग, जनावरांची वाट कशी वाचवायची?

डोंगरवाट_कोथरूड:
नमस्कार मंडळी, आम्ही सहा-सात जण बरीच वर्षं मुळशीतल्या एका गावामागच्या पठारावर जातो. वरचं जंगल फॉरेस्टचं, पुढे थेट ताम्हिणी अभयारण्याला भिडतं, पण मधला ओढ्याकडचा पट्टा खासगी आहे आणि परवा बघतो तर तिथे सिमेंटचे खांब, तारेची जाळी, प्लॉटिंगचा बोर्ड. उन्हाळ्यात भेकरं इथूनच पाण्याला उतरतात, चिखलात ठसे आम्ही स्वतः बघितलेत, एकदा तर बिबट्याचे. फार जीव तुटतोय. संरक्षण मागितलं तर ट्रेकची पायवाटही बंद होईल का?

सातबारावाला:
आधी त्या गटांचे सातबारा काढा, इतर हक्कात वनाची नोंद आहे का बघा. वन कायद्यातल्या कलम ३५ च्या, म्हणजे खासगी जंगलाबाबतच्या, जुन्या नोटिशीची नोंद निघाली तर प्रकरण वेगळंच होतं, मग थेट उपवनसंरक्षकांकडे लेखी द्या. सरकारी जमिनीसाठी वन्यजीव कायद्यात ३६अ आहे, संवर्धन राखीव, दोन संरक्षित क्षेत्रं जोडणाऱ्या किंवा त्यांना लागून असलेल्या जमिनीसाठी खास ते आणलंय. सिंधुदुर्गात दोडामार्गातलं तिळारीचं जंगल २०२० मध्ये असंच झालं. यात राहणाऱ्यांचे हक्क जात नाहीत, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असतो, म्हणजे पायवाटेचं तिथेच मांडता येतं. खासगी पट्ट्याला मात्र ३६क, समुदाय राखीव, मालक स्वतःहून तयार असेल तरच.

मुळशीकर_ताई:
मी त्याच बाजूच्या गावातली. दादा, अर्ज कराच, पण आधी गावात या. आमची गुरं तिथे चरतात, हिरडा-करवंदं तिथलीच, आम्हाला न विचारता पुण्यातून कागद आला की लोक बिथरतात आणि मग प्लॉटवाल्याचंच ऐकतात. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्या. आणि एक सांगते, राग मानू नका, शनिवारी रात्री हेडलाइट लावून तीस-चाळीस जणांचे ग्रुप चढतात, स्पीकर चालू, जनावर पाण्यावर येतं ते रात्रीच ना? जाळीने अडतं तसं ते माणसांनीही अडतं.

सड्यावरचा:
ताईंशी शंभर टक्के सहमत. रात्रीचे ट्रेक बंद, दिवसा एकच ठरलेली वाट, ओढ्यापासून लांब, हे आपणच लिहून द्यावं. मालकाशीही बोला, अख्खी जाळी काढ म्हटलं तर ऐकणार नाही, पण ओढ्याचे दोन्ही काठ मोकळे सोड म्हटलं तर कदाचित ऐकेल, पावसात तिथे खांब तसेही टिकत नाहीत. आणि फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून केलेली मोकळी पट्टी, काढायला माणसं लागतात, वणव्यात सगळं गेलं तर कागद काय कामाचा.

डोंगरवाट_कोथरूड:
ताई, रात्रीचे ट्रेक आम्हीही केलेत, यापुढे नाही. रविवारी गावात येतो, सरपंचांना आधी भेटतो, सातबारा सोबत आणतो.